खिळ्याला टेकलेला काटा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय नाव ठेवणार? काटेकोर. कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं असं, की दुकानाच्या पाटीवर त्याचं खरं नाव हातभर अक्षरांत लिहिलेलं असूनही गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "काटेकोरांचं दुकान हेच ना?" तो मान वर न करता म्हणायचा, "हेच. आधी रिकामं ठेवा."

रिकामं म्हणजे पारडं. काटा चुकीचं वजन दाखवतो अशी तक्रार घेऊन कुणीही येवो, हा गडी त्यावर वजन ठेवायचाच नाही. आधी रिकाम्या काट्याकडे बघत बसायचा. मग प्रश्न सुरू. कधीपासून? कुठल्या टेबलावर ठेवता? ऊन येतं का? वजन कोण करतं, तुम्ही की भाऊ? लोक वैतागायचे, पण उत्तरं द्यायचे. एका किराणावाल्याचा काटा तो स्वतः गल्ल्यावर असला की जास्त दाखवायचा आणि त्याची बायको असली की बरोबर. लोकांनी त्याचे काय काय अर्थ काढले ते मी सांगत बसत नाही. काटेकोर साखरेच्या पोत्यावर तीन तास बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "शेठ, तुमचं पोट पारड्याला टेकतंय." काटा दुरुस्त करावाच लागला नाही, टेबल मागे सरकवलं.

घरीही तोच खाक्या. नवा पंखा आणला की आधी उघडून बघायचा, मग लावायचा. बायको म्हणायची, "नशीब माझं, मला उघडून बघितलं नाही." ती तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचे कान असे तयार झाले होते, की पलीकडचा माणूस उभा आहे की बसलाय, हे तिला त्याच्या नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. निवृत्त झाली तरी तो तिला ऑपरेटरच म्हणायचा. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला, त्यामुळे घरात दोघंच.

आता फुप्फुसांचं ऐका. एक्केचाळीस वर्षं त्याने बंद खोलीत गंज घासला, पितळ कानशीने उडवलं, फवाऱ्याने रंग मारला, आणि हे कमी होतं म्हणून की काय, दिवसाला वीस सिगारेटी. सिगारेट सहा वर्षांपूर्वी सुटली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आजाराला सीओपीडी म्हणतात. हवा आत जाते, बाहेर यायला मात्र कुरकुर करते. हा बरा होत नाही, सांभाळायचा असतो. सांभाळायचा म्हणजे सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा तोंडात पंप मारायचा. पंपाच्या पाठीला एक इवलीशी खिडकी असते, त्यात उरलेल्या दाबांचा आकडा दिसतो. बायको रोज संध्याकाळी तो आकडा बघायची आणि निश्चिंत व्हायची.

गेल्या वर्षी थंडीत त्याला दोन आठवडे दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून आला तो दुकानात गेलाच नाही. आधी म्हणाला, थंडी सरू दे. थंडी सरली. मग म्हणाला, जिने चढवत नाहीत. दुकान तळमजल्यावर होतं, पण बायकोने ते बोलून दाखवलं नाही. अकरा महिने कुलूप. तो खिडकीशेजारच्या खुर्चीत बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा. जेवण निम्मं व्हायचं. झोप पहाटे तीनलाच उडायची. मुलीचा फोन आला की "बरा आहे" म्हणून फोन आईकडे द्यायचा. विचारलं तर एकच उत्तर, "दम लागतो गं." बायको मान डोलवायची. शेजारी म्हणायचे, वय झालं, त्यात छातीचं दुखणं, चालायचंच. सगळ्यांनी मिळून सगळा भार त्या बिचाऱ्या फुप्फुसांवर टाकला होता. झोप नाही, फुप्फुसं. भूक नाही, फुप्फुसं. बोलणं नाही, तीही फुप्फुसंच.

मग एके दिवशी बेकरीवाली आली. त्याच रस्त्यावर, तीनशे पावलांवर तिची बेकरी. सासऱ्यांच्या वेळचा गोल तबकडीचा मोठा काटा, तो काटेकोरानेच वीस वर्षं जपलेला. ती पिठाचे हात झाडत दारातच उभी राहिली.

"काका, डोकं चालेनासं झालंय. चार महिने झाले, सकाळच्या भट्टीचा ब्रेड जड निघतो आणि दुपारच्या भट्टीचा बरोबर. काटा तोच, पीठ तेच, हात माझेच. दोन कारागीर येऊन गेले. दोघंही म्हणाले, काटा ठणठणीत आहे."

काटेकोराने भिंतीवरची नजर काढली नाही. "स्प्रिंग बदलून टाक," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात बायको कप विसळत होती. तिचा हात थांबला, नळ तसाच वाहत राहिला. सकाळी चूक, दुपारी बरोबर. हे कोडं ऐकून वर्षापूर्वीचा हा माणूस चपला शोधायला लागला असता. आज त्याने कधीपासून एवढंही विचारलं नाही. एक्केचाळीस वर्षांत प्रश्न विचारल्याशिवाय उपाय सांगितल्याचं तिला आठवेना. हा माणूस आजारी आहे, तिला वाटलं, आणि हा आजार छातीचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवला. सकाळी सातला तो खिडकीपाशी पंप घेऊन उभा राहिला. ती भिंतीपलीकडे. पंप तोंडात धरून दाबला की 'फुस्स' आत जिरतं, आणि मागोमाग श्वास ओढल्याचा लांब आवाज येतो. तिने ऐकलं ते 'फुस्स' मोकळं होतं. श्वास नाही. पुन्हा एक मोकळं 'फुस्स'. पुन्हा श्वास नाही. तो खिडकीबाहेर, हवेत पंप मारत होता.

संध्याकाळी तिने आकडा बघितला. बरोबर होता. का नसणार? ज्याने आयुष्यभर लोकांची खोटी वजनं पकडली, त्याला एक आकडा खरा कसा दिसेल हे शिकवायला नको होतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? तिला राग आला, मग भीती वाटली, आणि मग भीतीच उरली. पंप नाही म्हणजे एखाद्या थंड सकाळी हा माणूस जाणार. दोनच दिवसांनी दवाखान्याची तारीख होती. तोवर तिने तोंडात मिठाची गुळणी धरली, मात्र पंप आपल्या हाताने द्यायला लागली आणि समोर उभी राहायला लागली. त्याने विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही. घ्या."

दवाखान्यात श्वासाच्या आजारवाल्यांसाठी एक सिस्टर होती. तरुण, चटपटीत, खिशाला चार पेनं. तिने त्याला एक कागद दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत मन लागलं नाही, झोप नीट नव्हती, गळून गेल्यासारखं वाटलं, असं किती दिवस झालं? प्रत्येकापुढे शून्य ते तीन. काटेकोराने दोन मिनिटांत कागद भरला. झोपेला एक, थकव्याला एक, आणि दोन्हींच्या पुढे बारीक अक्षरांत 'श्वासामुळे'. बाकी शून्यं. शेवटचा प्रश्न होता, आपण नसतो तर बरं, असं मनात येतं का? तिथे त्याचं शून्य सगळ्यांत गोल आणि नीटस होतं.

सिस्टरने बेरीज केली. "दोन. छान आहे की, काका."

"सिस्टर, छान नाहीये," बायको म्हणाली. "हे पंप हवेत मारत होते."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याच्या मनात गेले तीन आठवडे होतंच. तरी त्याचा चेहरा पडला. आजवर किती दुकानदारांचे चेहरे त्याने असे पडताना पाहिले होते.

सिस्टर रागावली नाही. तिने खुर्ची जवळ ओढली. "किती दिवस, काका?"

"बावीस," तो म्हणाला. खोटं बोलला तरी माणूस काटेकोरच. "अठ्ठ्याऐंशी दाब. शेवटचे दोन दिवस सोडून. ते हिने घ्यायला लावले."

"का मारत होता हवेत?"

खोलीत कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं. "काही ठरवलं वगैरे नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "मरायचं असं नव्हतं ठरवलं. पण पुढे चालू ठेवायचं, असंही काही ठरलेलं नव्हतं. आणि हिला आकडा बघून बरं वाटायचं. तेवढं राहू दे म्हटलं."

बायकोने मान वळवली. बावीस दिवस आपण एका खिडकीतला आकडा बघून सुखाने झोपलो, हे तिला सहन होईना. पण ती ऑपरेटर होती, लाईनवर रडायची सवय नव्हती. ती म्हणाली, "सिस्टर, अजून एक. आम्ही इथे येतो तेव्हा नेहमी दुपारचे दोन वाजलेले असतात. दुपारी हे जरा माणसांत असतात. तुम्ही यांना कधी सकाळी सहाला बघितलंच नाही."

काटेकोराने एकदम वर पाहिलं.

"ते दोघं दुपारी गेले असणार," तो म्हणाला.

"कोण दोघं?" सिस्टरने विचारलं.

"कारागीर. बेकरीवाले दुपारशिवाय कुणाला आत घेतात? सकाळी भट्टीची घाई. दुपारी गेले, दुपारी बघितलं, दुपारी बरोबर आहे म्हणाले." तो बायकोकडे वळला. "अगं, सकाळी तिथे काय चालू असतं?"

बायकोला हसावं की रडावं कळेना. अकरा महिन्यांतला कामाचा असा हा त्याचा पहिला प्रश्न होता.

सिस्टरला काट्यातलं काही कळत नव्हतं, पण माणसातलं कळत होतं. तिने तो भरलेला कागद पुढे सरकवला. "काका, रिकामा काटा शून्य दाखवतोय म्हणजे तो बरोबर आहे, असं समजायचं का?"

"छे. तबकडीवर शून्यापाशी एक खिळा असतो. काटा शून्याच्याही खाली जायला बघत असला तरी खिळ्याला टेकून उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, शून्यावर आहे, बरोबर आहे." बोलता बोलता त्याची नजर कागदावर गेली. त्या शेवटच्या गोल शून्यावर. तो थांबला. मग हात पुढे करून म्हणाला, "दुसरा कागद द्या. सकाळी सहाचं लिहितो."

या वेळी वीस मिनिटं लागली. बेरीज अठरा. शेवटच्या प्रश्नापुढे दोन. त्याने कागद उपडा ठेवला. बायकोने तो उलटा करून वाचला, पुन्हा उपडा ठेवला आणि त्याचं मनगट धरलं. घरी पोचेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

पण घरी लगेच जायचं नव्हतं. सिस्टर त्यांना तशीच वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लिफ्टने. बाई वयाने पन्नाशीच्या, आवाज सावकाश. त्यांनी आधी सरळ विचारलं, जीव द्यायचा काही बेत आहे का, घरी तसं काही ठेवलंय का. इतकं सरळ कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि सरळ विचारल्यावर सरळ उत्तर देणं सोपं गेलं. बेत नव्हता. तरी औषधं बायकोच्या ताब्यात राहतील, पंप तिच्यासमोर घ्यायचा आणि असा विचार जोर धरू लागला तर कुणाला फोन करायचा, हे त्यांनी लिहूनच दिलं.

"पण मला हे पटत नाही," काटेकोर म्हणाला. "दम लागतो म्हणून वाईट वाटतं. साधा हिशोब आहे. दम घालवा, वाईट वाटणं जाईल."

"असेलही," बाई म्हणाल्या. "नसेलही. पारड्यात दोन वजनं एकदम ठेवलीत आणि काटा बेरीज दाखवतोय. कुठलं किती, हे तुम्ही कसं काढाल?"

"एक उचलून."

"फुप्फुसाचं मला उचलता येत नाही. दुसरं उचलून बघूया."

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, इथे तर बाईंनी सोनाराचा तराजूच त्याच्या हातात दिला होता.

गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदा बाईंशी बोलणं, दोनदा खाली सिस्टरचा श्वासाचा वर्ग. वर्गात सहा जण, सगळेच धापा टाकणारे. एक निवृत्त बस ड्रायव्हर, तो दर दहा पावलांवर स्टॉप घ्यायचा. एक केशकर्तनवाली, ती विनोद करायची आणि मग सगळ्यांना खोकला यायचा. सिस्टर शिकवायची, नाकाने आत, आणि ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात ना, तसं फुंका," ती म्हणायची. मग कॉरिडॉरमध्ये चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. बाईंचं वेगळंच. रोज सकाळी एक छोटं काम ठरवायचं, मन असो वा नसो, करायचं. पहिलं काम होतं दाढी. दुसऱ्या आठवड्यात दुकानाचं कुलूप नुसतं उघडायचं आणि पुन्हा लावायचं. बायकोला हे फारच खुळचट वाटलं, पण ती किल्ली घेऊन बरोबर गेली.

त्याने एक वही केली. कारागिराला वहीशिवाय करमत नाही. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा तो चिमटा दवाखान्याने दिला होताच. एका रकान्यात चिमट्याचा आकडा. दुसऱ्यात, न थांबता किती पावलं चाललो. तिसऱ्यात, मन किती जड, एक ते दहा. रोज सकाळी सहा आणि दुपारी दोन. बायको म्हणाली, "आता हे कशाला?" तो म्हणाला, "बघू तर."

तीन आठवड्यांनी तो बाईंकडे तक्रार घेऊन गेला. गोळीने तोंड कोरडं पडतं, पहिले काही दिवस मळमळलं, आणि काटा काही हलत नाही. बंद करतो म्हणाला.

"गंजलेल्या स्क्रूवर तुम्ही काय टाकता?" बाईंनी विचारलं.

"रॉकेल."

"टाकलं की लगेच फिरवता?"

"छे. मुरू द्यावं लागतं. कधी रात्रभर, कधी चार-चार दिवस. घाई केली की स्क्रूचं डोकं मोडतं." एवढं बोलून तो बाईंकडे बघत राहिला, मग स्वतःशीच म्हणाला, "बरं." गोळी चालू राहिली.

पाचव्या आठवड्यात वहीतून जे निघालं त्याने तो स्वतःच चक्रावला. चिमट्याचा आकडा सकाळी आणि दुपारी जवळजवळ तोच, त्र्याण्णवच्या आसपास. एखाद-दुसरा इकडे तिकडे. पण पावलं? एका सकाळी चाळीस, दुसऱ्या सकाळी एकशे दहा. फुप्फुसं तीच, हवा तीच, रस्ता तोच. तिसऱ्या रकान्यात जड आठ लिहिलं त्या दिवशी चाळीस, जड पाच लिहिलं त्या दिवशी एकशे दहा. त्याने वही बायकोपुढे आपटली. "हे बघ. कुणीतरी पारड्याला टेकतंय."

"पोट तर नाही ना शेठचं?" ती म्हणाली.

आणि मग त्याने आपल्या सकाळच्या कामाच्या जागी लिहिलं, बेकरी, सकाळी सहा. तीनशे पावलं. जिथे चूक होते तिथे, चूक होते त्या वेळी जाऊन बघायचं, हा त्याचा जुना नियम. बाई म्हणाल्या, सावकाश. सिस्टर म्हणाली, टप्प्याटप्प्याने. पहिल्या दिवशी तो फाटकापर्यंत गेला. मग शिंप्याच्या पायरीपर्यंत. एका सकाळी तर उठवलंच नाही, त्या दिवशी वहीत जड नऊ आणि पावलं शून्य. बायकोने पंप दिला आणि ती समोर उभी राहिली.

सहाव्या आठवड्यात टपालपेटीपर्यंत, एकशे साठ पावलं. तिथे ते झालं. थंड हवा छातीत गेली आणि दार बंद व्हावं तसा श्वास अडकला. हृदय धडधडलं, हातपाय गार. बायकोने त्याला पेटीशेजारच्या ओट्यावर बसवलं. संपलं, त्याला वाटलं. नेमकं आता, जगायला लागलो तेव्हा. ती भीती अशी होती की बावीस दिवस हवेत पंप मारणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. बायकोने खिशातून चिमटा काढून त्याच्या बोटाला लावला.

ब्याण्णव.

तो आकड्याकडे बघत राहिला. ब्याण्णव म्हणजे कालच्यापेक्षा एक कमी. हवा आहे. मग हे गळा कोण धरतंय? आता ऐका, दुसरा कुणी असता तर घाबरला असता, पण याला जात्याच खोड. त्याला ते जाणून घ्यावंसं वाटलं. घाबरलो म्हणून भराभर श्वास घेतोय, भराभर घेतोय म्हणून आतली हवा बाहेर पडत नाहीये, पडत नाहीये म्हणून दम, दम म्हणून आणखी भीती. एकाने दुसऱ्याला ढकलायचं. मधे कुठेतरी बोट घालायला हवं. त्याने ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. लांब. पुन्हा फुंकलं. चौथ्या-पाचव्या फुंकरीला हात गरम झाले. त्या दिवशी ते तिथूनच परत फिरले, पण घरी आल्यावर त्याने वहीत दोन पानं लिहिली.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, पाच वेळा थांबून तो बेकरीत पोचला. खिशात शंभर ग्रॅमचं पितळी वजन. बेकरीवालीने स्टूल दिलं, तिची तारांबळ चालूच होती. भट्टी पेटलेली, उडणारं पीठ छातीत जाऊ नये म्हणून त्याने नाकाला रुमाल लावलेला.

"आधी रिकामं ठेव," तो म्हणाला.

तिने रुंद पारडं रिकामं केलं. काटा शून्यावर. "बघा, बरोबर आहे की," ती म्हणाली. त्याने खिशातलं वजन काढून पारड्यात ठेवलं. काटा साठवर थांबला.

"चाळीस ग्रॅम कोण खातंय?" त्याने विचारलं आणि मान वर केली. पारड्याच्या बरोबर डोक्यावर धूर ओढणारा मोठा पंखा गरगरत होता. "हा कधी बसवला?"

"सहा महिने होत आले. दुपारी भट्टी निवली की बंद करते," ती म्हणाली, आणि कणकेचा गोळा हातात धरून तशीच उभी राहिली.

"बंद कर."

पंखा मंदावला, थांबला. काटा साठवरून सरकत शंभरावर आला. हवा पारड्याला वर ओढत होती, म्हणून सकाळी प्रत्येक गोळ्यात चाळीस ग्रॅम कणीक जास्त जात होती. रिकामं असताना काटा शून्याच्याही खाली जायला बघायचा, पण खिळ्याला टेकायचा, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. बेकरीवालीने कपाळाला पिठाचा हात लावला. काटेकोर हसला. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली, पाणी प्यायला, आणि पुन्हा हसला. बायको दारात उभी होती. तिने ते हसणं डोळे मिटून ऐकलं.

टेबल चार फूट डावीकडे सरकवलं. एवढंच काम होतं.

आठ आठवडे झाले तेव्हा सिस्टरने तोच नऊ प्रश्नांचा कागद काढला. काटेकोर म्हणाला, "इथे नको. घरी नेतो, सकाळी सहाला भरतो." सकाळी त्याने तो खिडकीपाशी बसून भरला आणि बायकोच्या हातात दिला. बेरीज सात. तिने सरळ शेवटचा प्रश्न गाठला. तिथे शून्य नव्हतं. एक होता.

"एक का?" तिने विचारलं.

"कारण एक आहे. कधीतरी येतं मनात. शून्य लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ते खिळ्याचं शून्य झालं असतं."

ती कागदाकडे बघत राहिली. दोन महिन्यांपूर्वी त्याच जागी एक सुरेख गोल शून्य होतं, आणि तेव्हा तो खिडकीबाहेर पंप मारत होता. या वाकड्यातिकड्या एकावर तिचा त्यापेक्षा जास्त भरवसा बसला.

"बाईंना सांगायला हवं," ती म्हणाली.

"त्यासाठीच लिहिलंय."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग पंप त्याच्या हातात दिला आणि आज पहिल्यांदाच समोर उभी न राहता स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं, गॅस मात्र पेटवला नाही. भिंतीपलीकडून 'फुस्स' आलं, बारीक, आत जिरलेलं. त्याच्या मागोमाग लांब श्वास ओढल्याचा आवाज. तिने मनात दहापर्यंत मोजलं. श्वास सावकाश बाहेर आला. मग दुसरा.

तिने गॅस पेटवला.

"ऑपरेटर," तो बाहेरून म्हणाला, "ऐकू आलं ना?"

"आलं," ती म्हणाली.